ठासणीच्या बंदुकीचा आकडा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बंगळूरच्या मराठी इतिहासावर काही लिहावे, अशी संपादकांची सूचना आली तेव्हा त्यांच्या मनात शहाजीराजे आणि त्यांची जहागीर हाच विषय असणार, यात शंका नाही. तो विषय थोर खराच. परंतु त्यावर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे नवे कागद आमच्यापाशी नाहीत. आम्ही लिहिणार आहोत ते एका आकड्याविषयी. वाचकांनी थोडा धीर धरावा. शहाजीराजांची गाठ वाटेत पडणारच आहे.

इंदिरानगरात आमच्या शेजारी एक कोडव कुटुंब राहते. घरातील वडील गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले. सप्टेंबरच्या ३ तारखेस त्यांचा कैलपोळ्द हा सण असतो. शेतीची लावणी आटोपलेली असते, आणि हत्यारे धुऊनपुसून त्यांची पूजा करावयाची असते. एका वर्षी त्यांनी आम्हांस सहकुटुंब मडिकेरीजवळच्या आपल्या मूळ घरी नेले. तेथे समईच्या उजेडात बंदुका मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या नळ्यांच्या तोंडांत कळलावीची तांबडी-पिवळी फुले खोवलेली होती. कोडव भाषेत या फुलाचे नावच मुळी ‘तोकपू’, म्हणजे बंदुकीचे फूल. आपल्याकडे ते कुंपणावर उगवून कळ लावण्याचा आळ डोक्यावर घेते, तिकडे ते शस्त्राचा शृंगार होते!

पूजा झाल्यावर आम्ही सहज म्हणालो, “आमच्याही घरी आजोबांची बंदूक आहे.” यजमानांनी विचारले, “कितीची?” आम्ही म्हणालो, “ठासणीची.” ते हसले आणि म्हणाले, “ते झाले भरण्याविषयी. आकडा कोणता? बाराची, सोळाची, की विसाची?” आम्ही निरुत्तर झालो. मालवण तालुक्यातील ज्या घरात ती बंदूक तीन पिढ्या खुंटीवर टांगलेली, त्या घरच्या माणसास तिचा आकडा ठाऊक नसावा, याची आम्हांस खरोखर लाज वाटली.

योगायोग असा की, त्याच वर्षी आमचे चुलते वारले. परवाना त्यांच्या नावे होता, म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. चुलतभावाचा फोन आला : “ठेवायची की देऊन टाकायची? ठेवायची तर अर्ज करावा लागेल, आणि अर्जात बंदुकीचे वर्णन हवे. जुन्या परवान्यावर नुसते ‘एकनळी, ठासणीची’ एवढेच आहे.” तेव्हा केवळ जिज्ञासेने नव्हे, तर निकडीने आम्ही या आकड्याच्या मागे लागलो.

पुष्कळांची समजूत अशी असते की, बारा बोअर म्हणजे नळीची रुंदी बारा काहीतरी. मग सोळाची नळी बाराच्या नळीहून अरुंद कशी, हे कोडे सुटत नाही. वस्तुतः हा आकडा लांबी-रुंदीचा नव्हेच; तो वजनाचा आहे. एक पौंड शिसे घेऊन त्याच्या सारख्या आकाराच्या बारा वाटोळ्या गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून नळीही लहान. इंग्लंडात तोफांना गोळ्याच्या वजनावरून ओळखीत. बंदुकीच्या गोळीचे वजन पौंडाहून कमी, म्हणून तो पौंड किती गोळ्यांत वाटला गेला हे सांगावयाचे, एवढाच काय तो फरक. १८६८ साली तेथील नळ्या तपासण्याच्या कायद्याने प्रत्येक आकड्याचे माप इंचांत बांधून दिले. त्या हिशेबाने बाराची नळी आजच्या मापात १८.५ मिलिमीटर भरते, सोळाची १६.८ आणि विसाची १५.६.

हा हिशेब आपल्या तोळ्यांत मांडला म्हणजे अधिक जवळचा वाटतो. बाराची गोळी सुमारे सव्वातीन तोळ्यांची, सोळाची जवळजवळ अडीच तोळ्यांची आणि विसाची दोन तोळ्यांस किंचित कमी. पौंडाऐवजी ऐंशी तोळ्यांचा शेर धरून ही मोजदाद कोणी केली असती, तर साहेबाची बारा नंबरची बंदूक आपल्याकडे पंचवीस नंबरची ठरली असती! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सोळाच्या नळीहून बाराची नळी रुंदीला केवळ एक दशांशाने मोठी; पण गोळीचे वजन एक तृतीयांशाने वाढते. कारण गोल वस्तूचे वजन व्यासाच्या घनाने वाढत जाते. डोळ्यांना न जाणवणारा हा फरक खांद्याला आणि खिशाला मात्र लगेच जाणवतो.

आता शहाजीराजांकडे वळू. १६३८ साली रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि हा मुलूख शहाजीराजांकडे आला. पुढे १६८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, हे शहर भोसल्यांच्या ताब्यात होते. त्या काळची बंदूक तोड्याची. रंजकीच्या कानाशी जळती जामगी टेकवावयाची, तेव्हा बार उडावयाचा. त्या बंदुकांना आकडा नव्हता. कारागीर नळी घडवी आणि त्या एका नळीपुरता गोळीचा साचा देई. साचा हरवला की बंदूक मुकी झाली. आपल्या मुलखात सोरा तयार होई, कोळसा मुबलक होता. पण गंधक आणि शिसे बहुतांशी बाहेरून आणावे लागे. ज्याला शिसे विकत घ्यावे लागते त्याने कोणत्या जाडीची गोळी ओतावी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. दारूचे मोलही तसेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा आणि दारू वरचेवर बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे सांगितले आहे. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या माणसास त्या सूचनेचे मर्म वेगळे सांगावयास नको.

शिकारीच्या संदर्भात शहाजीराजांचे स्मरण दुःखद आहे. १६६४ च्या जानेवारीत, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे, शिकारीच्या पाठलागात घोड्याचा पाय वेलीत अडकून ते पडले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथे आहे. इंदिरानगरातून पहाटे निघाले तर दुपारच्या आत तेथे पोहोचता येते. तरी आपल्यापैकी कितीजण तेथे गेले आहेत, हे ज्याने त्याने आपल्याशीच मोजावे. राजेलोकांची ही शिकार घोड्याची, भाल्याची, कुत्र्यांची होती. सातारच्या शाहूमहाराजांचा खंड्या कुत्रा आणि संगम माहुलीची त्याची समाधी सर्वांच्या परिचयाची आहे. बंदुकीची शिकार हा मुख्यतः पुढच्या काळाचा खेळ, आणि तो दोन अगदी भिन्न प्रकारच्या माणसांनी खेळला.

त्यांतला पहिला साहेब. काळ्या दारूचा एक अंगभूत दोष असा की, तिचे बळ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. कितीही ठासली तरी गोळीचा वेग फार चढत नाही. उलट दारूच्या निम्म्याहून अधिक भागाचे राखेसारखे कीट व धूर होतात. मग हत्ती-गव्यासारखे जनावर पाडावयाचे तर उपाय एकच : गोळीच जड करावयाची. म्हणून त्या काळचे शिकारी आठाची आणि चाराचीसुद्धा बंदूक बाळगीत. चाराची म्हणजे पाव पौंडाची गोळी, जवळजवळ दहा तोळे शिसे एका बाराला! म्हैसूर सरकारच्या नोकरीत असलेले जॉर्ज सँडरसन, ज्यांनी १८७४ साली चामराजनगरच्या बाजूस खेड्ड्याने हत्ती धरून दाखविले, त्यांच्या १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा चार नंबरी बंदुकीचे वर्णन आहे. तिचे वजन वीस पौंडांच्या आसपास. हे वजन उगीच नव्हे. बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांचा ठोकताळा असा की, बंदूक आतल्या छर्ऱ्याच्या वजनाच्या शहाण्णवपट तरी जड असावी, नाही तर धक्का खांदा सोसत नाही. साहेबाच्या मागे ती वाहून नेण्यास माणसे होती. ज्याला स्वतःच्या खांद्यावरून बंदूक न्यावयाची आहे त्याचे गणित निराळे.

तो दुसरा माणूस म्हणजे आमच्या आजोबांसारखा शेतकरी. त्याची शिकार हौसेची नव्हती. भाद्रपद सरता सरता हळवे भात पिकू लागते आणि रात्री डुकरांचे कळप शेतात उतरतात. एका रात्रीत कुटुंबाचे दोन महिन्यांचे अन्न तुडविले जाते. शेतातल्या माळ्यावर बसून राखण करावयाची, डबे वाजवावयाचे, आणि डबे वाजवून भागेना तेव्हा बार काढावयाचा. त्या बाराची तयारीही धीराची. नळीत मापाने दारू ओतावयाची, वर सोडणाच्या काथ्याचा बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे किंवा कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी, पुन्हा बोळा. शेवटी कानावर केपाची टोपी चढवावयाची. नेम चुकला तर दुसरा बार भरून होईपर्यंत डुक्कर पुढच्या गावी गेलेले असते. ‘ठासून सांगणे’ आणि ‘फुसका बार’ हे शब्दप्रयोग ज्या भाषेत घडले, त्या भाषेच्या माणसांनी ही बंदूक किती वापरली असेल, हे त्यावरूनच समजावे. पावसाळी मुलखात या केपाचे उपकार थोर होते. कारण जळती जामगी पावसात विझते, केप सहसा दगा देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही युक्ती रूढ झाली आणि मगच शेतकऱ्याची बंदूक खऱ्या अर्थाने पावसाळ्यात कामास आली.

मग त्याने बाराची घ्यावी की सोळाची? शिकारीची पुस्तके जनावराच्या आकारावरून उत्तर देतात. मोठ्या नळीत छर्रा अधिक मावतो, तो रुंद पसरतो, गोळी जड लागते, आणि साठणारे कीटही ती अधिक सोसते, म्हणून बारा. पाखरे, ससे यांना सोळा-वीस पुरेत. हे सर्व खरे आहे. परंतु आमच्या आत्याबाई निराळे सांगत असत. आजोबा बेळगावास बंदूक घेण्यास गेले, तेव्हा दुकानदाराने त्यांच्यापुढे दोन बंदुका ठेवल्या आणि त्यांनी लहान तोंडाची उचलली. का, तर शिसे कमी लागते! लहानपणी आम्हांस हे कंजूषपणाचे वाटे. आता हिशेब करून पाहिला तो असा. एक पौंड शिशात बाराच्या नळीच्या बारा गोळ्या, सोळाच्या सोळा. नेहमीच्या छर्ऱ्याच्या बाराला बाराच्या नळीत तीन ड्रॅम दारू लागते, सोळाच्या नळीत अडीच. म्हणजे एका पौंड दारूत एकीचे पंच्याऐंशी बार, तर दुसरीचे शंभरावर. परवान्यावर दारू किती घ्यावयाची याला मर्यादा आणि ती आणावयाची बेळगावाहून, घाट उतरून. अशा माणसाला हे सोळा-सतरा बार म्हणजे एका हंगामाची राखण होती. शिवाय माळ्यावरून वीस-पंचवीस पावलांवरच्या डुकराला अडीच तोळ्यांची गोळी पुरेशी होते. आजोबांनी बंदूक जनावर पाहून निवडली नाही. कोठार पाहून निवडली.

अर्थात या काटकसरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही आजोबांची केवळ तरफदारी केली असे होईल. बंगळूरचे शिकारी आणि लेखक केनेथ अँडरसन यांनी दक्षिणेतल्या नरभक्षक वाघ-बिबळ्यांच्या ज्या हकीकती लिहून ठेवल्या, त्यांत अनेकदा मूळ कारण म्हणून गावठी ठासणीच्या बंदुकीची जुनी जखम निघते. थोडी दारू, हाताशी असतील ते छर्रे किंवा खिळ्यांचे तुकडे, आणि लांबून काढलेला बार : जनावर मरत नाही, लंगडे होते, आणि पळणारे सावज धरता येईना म्हणजे माणसांकडे वळते. नळी लहान असणे हा दोष नव्हे. तिच्या आवाक्याबाहेर बार काढणे हा दोष. आजोबा डुकराखेरीज कशावरही बार काढीत नसत, असे घरात सांगत. ते सर्वथा खरे असेलच अशी ग्वाही आम्ही देत नाही. शेजारच्या घरी सशाच्या मटणाचे वाटे गेल्याच्याही कथा आहेत.

निवडीवर खिशाइतकाच अंमल चालला तो कायद्याचा. १८५७ नंतर सरकारने हत्यारे काढून घेण्यास आरंभ केला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरविले. युरोपियनांना त्यातून सूट. कोडवांची गोष्ट वेगळी. ज्यांच्या नावाचे उद्यान आपण रोज ओलांडतो त्या मार्क कबन यांनी १८६१ साली, येथील आपल्या कारकीर्दीच्या अगदी शेवटी, कोडवांना निःशस्त्रीकरणातून वगळले. ती सूट या ना त्या रूपाने आजवर चालत आली आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली. म्हणून त्यांच्या घरी मूल जन्मले की एक बार आणि कोणी वारले की दोन बार काढण्याचा रिवाज राहिला, आणि बंदुकीच्या आकड्याची विचारपूस घराण्याच्या नावासारखी होते. आपल्या कोकणात बंदूक सणाची झाली नाही, ती परवान्याची झाली.

त्यातही एक बारकावा आहे, तो आम्हांस फार बोलका वाटतो. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. खरोखर पिकाच्या राखणीसाठी ती मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असा त्याचा आशय. ज्या काळी लष्करातून ही बंदूक जाऊन शंभर वर्षे होत आली होती, त्या काळी शेतकऱ्यासाठी कायद्याने तीच नेमून दिली! एका दृष्टीने हे मागासलेपण. दुसऱ्या दृष्टीने शहाणपण. मिनिटभरात एकच बार निघणाऱ्या हत्याराने राखण होते, दरोडा घालता येत नाही. शिकारीचा प्रश्न तर पुढे निकालातच निघाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीचे दार बंद केले. आज डुकरावर परस्पर बार काढणे हादेखील गुन्हा होऊ शकतो. परवानगी सरकारकडून यावी लागते. बंदूक उरली ती मुख्यतः आवाजापुरती.

मग ती ठेवावी कशाला, असा प्रश्न आमच्या मुलांनी केला, आणि तो रास्त होता. आम्ही बंगळूरला, दुसरे भाऊ पुण्यास, एक भगिनी कॅनडात. गावी शेत कसणारा हा एकटा चुलतभाऊ. निर्णय त्याचाच असावा असे सर्वांनी ठरविले. तो म्हणाला, “डुकरे अजून येतात. आवाज तरी हवा.” झाले; अर्ज करावयाचे ठरले आणि आकड्याचा शोध सुरू झाला.

नळीच्या बुडाशी खालच्या अंगास तपासणीचे ठसे असतात, त्यांत आकडा सापडतो, असे कोडव यजमानांनी सांगितले होते. परंतु आमच्या घरी ती बंदूक दर वर्षी दसऱ्याला इतक्या भक्तीने विटकरीच्या पुडीने घासली गेली होती की, तेथे बोटाला काहीच लागेना. तेव्हा आम्ही एक युक्ती सुचविली. पोलादी दहा पैशांचे जुने नाणे १६ मिलिमीटरचे आणि पंचवीस पैशांचे १९ चे. ठाण्यातल्या हवालदारांच्या परवानगीने भावाने दोन्ही नाणी नळीच्या तोंडावर धरून पाहिली. दहा पैसे आत गेले असते, पंचवीस पैसे अडले. म्हणजे विसाची नव्हे हे ठरले. पण बारा, चौदा की सोळा, हे नाण्यांनी सांगता येईना.

उत्तर निघाले माळ्यावरच्या पेटीतून. आजोबांच्या चष्म्याच्या घराखाली गोळ्यांचा लोखंडी साचा होता आणि एका चिंधीत ओतून ठेवलेल्या तीन गोळ्या. भावाने त्या मालवणच्या बाजारात सोनाराकडे नेल्या. सोनाराने आधी शिशाला तराजू लावण्यास नकार दिला, मग कुतूहलाने लावला. प्रत्येक गोळी २६ ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे पौंडात सतरा-साडेसतरा. गोळी कापडात गुंडाळून ठासावयाची असल्याने ती नळीहून किंचित लहानच ओततात. तेवढी जागा सोडली की नळी येते सोळाची. अर्जातल्या रकान्यात भावाने तो आकडा लिहिला आणि आम्ही त्याच संध्याकाळी शेजारच्या दारावरची घंटा वाजवून तो यजमानांना सांगितला.